इंजिनाचा धूर आणि विक्रेत्याचे मौन

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. इशाच्या नमाजनंतर आमच्या वस्तीतील एका निवृत्त शिक्षकांनी मला मशिदीच्या पायऱ्यांवर थांबवले. त्यांना आपली बारा वर्षे जुनी पेट्रोल सेडान विकायची होती. गाडी दिसायला नीटनेटकी, कागदपत्रे स्वच्छ, अपघात कधी झालेला नाही. दोष एकच होता. इंजिन तेल पीत होते. दर हजार किलोमीटरला जवळजवळ एक लिटर तेल कमी व्हायचे आणि चढावर सायलेन्सरमधून निळसर धूर निघायचा. एका गॅरेजवाल्याने त्यांना सल्ला दिला होता, "सर, पातळ तेल काढून जाड तेल ओतू, वरून एक डबा औषध टाकू. महिनाभर धूर दिसणार नाही. तेवढ्यात गाडी निघून जाईल."

एक गिऱ्हाईक दोन लाख दहा हजार रुपये देण्यास तयार होते. दोष सांगितला तर गाडी दीड लाखाच्या आसपास जाणार, हे गुरुजींना ठाऊक होते. मधले साठ हजार रुपये त्यांच्या धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी हवे होते. ते म्हणाले, "मी खोटे बोलणार नाही. त्याने विचारले तर खरे तेच सांगेन. जाड तेलही ओतणार नाही. पण त्याने विचारलेच नाही, तर आपण होऊन सांगणे माझ्यावर बंधनकारक आहे काय? तो आपला मेस्त्री घेऊन येणार आहे. बघून घेईल."

प्रश्न प्रामाणिक होता. खोटे बोलणे हराम आहे, हे सांगण्यासाठी कोणा विद्वानाची गरज नाही. मौनाचे काय, हा खरा प्रश्न आहे. सत्य बोलणे हे कर्तव्य असले तरी प्रत्येक सत्य, प्रत्येकाला, न विचारता सांगणे हे कर्तव्य असते काय? आणि नसेल, तर सीमा कोठे आखायची?

प्रथम वस्तूचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. जुन्या गाडीचा रंग, टायर, आसने डोळ्यांना दिसतात. इंजिन मात्र बंद पेटी आहे. पिस्टनवरील रिंगा झिजल्या की तेल ज्वलनकक्षात शिरते आणि जळते. व्हॉल्व्हची सीले कडक झाली तरी तेच घडते. त्याची खूण म्हणजे निळा धूर. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी सुरू करताना धुराचा एक लोट येऊन थांबत असेल, तर बहुधा सीले गेलेली असतात. जोर दिल्यावर धूर येत असेल, तर रिंगांवर संशय जातो. थंडीतील विरळ वाफ ही स्वाभाविक गोष्ट आहे. परंतु इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास येत राहिला, तर कूलंट आत जळत असण्याची शक्यता असते. म्हणजे हेड गॅस्केट किंवा त्याहून मोठे काही बिघडलेले असते.

जाणकार माणूस या खुणा वाचू शकतो. पण त्या खुणा पुसताही येतात. इंजिन आधीच तापवून ठेवले, तर सकाळचा पहिला धूर दिसत नाही. जाड तेलाने खडखड आणि धूर दोन्ही काही काळ दबतात. डॅशबोर्डवरील इशाऱ्याचा दिवा स्कॅनर लावून तात्पुरता विझवता येतो. मीटर मागे फिरवता येतो. तात्पर्य, अर्ध्या तासाच्या पाहणीत खरेदीदाराला जे कळते आणि रोज गाडी चालवणाऱ्या मालकाला जे ठाऊक असते, त्यांत फार मोठे अंतर असते. हे अंतर हीच विक्रेत्याची परीक्षा आहे.

आपल्या देशाचा कायदा या प्रश्नाला काय उत्तर देतो, तेही पाहण्यासारखे आहे. भारतीय करार कायदा १८७२ मधील कलम १७ फसवणुकीची व्याख्या करते आणि स्पष्टीकरणात सांगते की केवळ मौन म्हणजे फसवणूक नव्हे. मात्र बोलणे हे कर्तव्यच ठरावे अशी परिस्थिती असेल, किंवा मौन हेच बोलण्यासारखे असेल, तर गोष्ट वेगळी. त्याखालील उदाहरणे मोठी बोलकी आहेत. एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायद्याच्या दृष्टीने ही फसवणूक नाही. पुढच्या उदाहरणात तोच घोडा, तोच विक्रेता. पण खरेदी करणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. येथे मात्र दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

म्हणजे घोडा तोच, दोष तोच, मौनही तेच. बदलले ते फक्त नाते. परक्याला सांगण्याची सक्ती नाही, मुलीला सांगावे लागेल. कायद्याला दोष देण्याचे कारण नाही. कायदा किमान मर्यादा ठरवतो. त्या मर्यादेच्या आत समाज मोडून पडत नाही, एवढेच तो पाहतो. पण धर्म किमान मर्यादेवर थांबत नाही. इस्लामने नेमका हाच प्रश्न उचलला आणि विचारले, तो परका तुझा कोण आहे? प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे की मनुष्य स्वतःसाठी जे पसंत करतो तेच आपल्या भावासाठी पसंत करेपर्यंत त्याचे ईमान परिपूर्ण होत नाही. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ती मान्य केली, तर कायद्यातील मुलगी आणि परका हा भेदच गळून पडतो. बाजारात समोर उभा असलेला प्रत्येक ग्राहक त्या मुलीच्या जागी येतो.

मदीनेच्या बाजारातील धान्याच्या ढिगाची हकीकत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. सहीह मुस्लिममध्ये ती ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आली आहे. प्रेषितांनी (स.) ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. विचारणा केली असता व्यापाऱ्याने सांगितले की पावसाने धान्य भिजले. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले की मग लोकांना दिसावे म्हणून ते वर का ठेवले नाहीस, आणि जो फसवतो त्याचा आपल्याशी संबंध नाही, असा कडक इशारा दिला.

या हकीकतीत तीन गोष्टी आहेत. पहिली, धान्य भिजले यात व्यापाऱ्याचा काही अपराध नव्हता. पाऊस आभाळातून आला होता. वस्तूत दोष असणे हे पाप नाही. बारा वर्षांच्या इंजिनाच्या रिंगा झिजल्या, तर त्यात मालकाची अप्रतिष्ठा कसली? दुसरी, हदीसमध्ये कोणा ग्राहकाने प्रश्न विचारल्याचा उल्लेख नाही. म्हणजे 'विचारले तर सांगेन' ही सबब त्या व्यापाऱ्यालाही देता आली असती. ती पुरेशी मानली गेली नाही. तिसरी, ओले धान्य विकू नकोस असे त्याला सांगितले गेले नाही. वर ठेव, एवढेच सांगितले गेले. ओल्या धान्यालाही गिऱ्हाईक असते आणि त्याचीही एक रास्त किंमत असते. तेल पिणाऱ्या गाडीलाही असते.

जाड तेलाच्या युक्तीबाबत तर याहून जवळचे उदाहरण आहे. अरबस्तानात काही लोक दुभते जनावर विकण्यापूर्वी त्याचे दूध काही दिवस काढत नसत. कास फुगून दिसे, खरेदीदार समजे की जनावर भरपूर दूध देणारे आहे. प्रेषितांनी (स.) या प्रकाराची मनाई केली आणि अशा रीतीने फसलेल्या खरेदीदाराला व्यवहार मोडण्याचा अधिकार दिला. येथे विक्रेत्याने तोंडातून एक शब्दही खोटा काढलेला नसतो. खोटे बोलते ती फुगलेली कास. आजच्या बाजारात ती भूमिका जाड तेल, तापवून ठेवलेले इंजिन, विझवलेला दिवा आणि मागे फिरवलेला मीटर बजावतात. जीभ गप्प ठेवून हातांनी बोललेले असत्य हे असत्यच असते.

येथे कोणी म्हणेल, "मग मी लिहूनच देतो की गाडी जशी आहे तशी विकत आहे. नंतर तक्रार चालणार नाही." जुन्या वाहनांच्या बाजारात हे वाक्य रोज ऐकू येते. फिकहच्या ग्रंथांतही ही अट फार जुनी आहे आणि तिच्याविषयी इमामांमध्ये मतभेद आहेत. हनफी विद्वानांच्या मते सर्व दोषांपासून मुक्तीची अट घालून केलेला व्यवहार वैध ठरतो. शाफई विद्वानांनी ही मुक्ती पुष्कळ संकुचित केली आहे. जिवंत जनावरातील, विक्रेत्यालाही ठाऊक नसलेल्या गुप्त दोषापुरतीच ते ती ग्राह्य धरतात. आपल्या महाराष्ट्रात कोकणातील मुस्लिम बहुतांशी शाफई आणि देशावरील बहुतांशी हनफी असल्याने हा मतभेद आपल्या घरातलाच आहे. परंतु एका मुद्द्यावर मतभेद नाही. ठाऊक असलेला दोष जाणूनबुजून दडवून समोरच्याला फसवणे हराम आहे. काझीसमोर व्यवहार टिकणे ही एक गोष्ट आणि अल्लाहसमोर मनुष्य टिकणे ही दुसरी गोष्ट.

इमाम मालिक (रह.) यांच्या 'मुवत्ता' ग्रंथात ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांची एक हकीकत आहे. त्या काळच्या प्रथेप्रमाणे त्यांनी आपला एक गुलाम आठशे दिरहमला विकला आणि दोषाची जबाबदारी आपल्यावर राहणार नाही, अशी अट घातली. पुढे खरेदीदाराने तक्रार केली की त्याला एक आजार आहे आणि तो मला सांगितला गेला नाही. प्रकरण खलीफा ह. उस्मान (रजि.) यांच्याकडे गेले. त्यांनी निर्णय दिला की विकताना आपल्याला या आजाराची माहिती नव्हती, अशी शपथ इब्ने उमर (रजि.) यांनी घ्यावी. त्यांनी शपथ घेण्यास नकार दिला आणि सौदा परत घेतला.

या निर्णयावर मी पुष्कळ विचार केला आहे. अट तर स्पष्ट होती. तरीही खलीफांनी अटीच्या पलीकडे जाऊन एकच प्रश्न विचारला, तुम्हाला ठाऊक होते काय? 'जशी आहे तशी' या वाक्याची खरी कसोटी हीच आहे. ज्याला खरोखरच ठाऊक नाही, तो हे वाक्य निर्मळ मनाने उच्चारू शकतो. ज्याला ठाऊक आहे, त्याच्या तोंडी तेच वाक्य पडदा बनते. आणि इब्ने उमर (रजि.) यांचा नकार तर अधिकच विचार करायला लावतो. जेथे मन पूर्ण निःशंक नाही तेथे अल्लाहचे नाव घेऊन उभे राहण्यापेक्षा नुकसान पत्करणे त्यांना सोपे वाटले असावे.

मग सांगायचे तरी किती? प्रत्येक ओरखडा, प्रत्येक सैल स्क्रू? नाही. दोष म्हणजे काय, याची हनफी फुकहांनी केलेली व्याख्या फार व्यवहार्य आहे. व्यापाऱ्यांच्या रूढीप्रमाणे ज्या गोष्टीमुळे वस्तूची किंमत घटते, ती गोष्ट म्हणजे दोष. बारा वर्षांच्या गाडीचे आसन विटलेले असणार, हे दोघांनाही दिसते. ते सांगण्याची गरज नाही. पण तेल जळणे, इंजिन एकदा तापून बंद पडलेले असणे, गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिलेली असणे, रबरी टायमिंग बेल्ट बदलण्याची मुदत उलटून गेलेली असणे, या गोष्टींनी किंमत बदलते. तो बेल्ट चालत्या गाडीत तुटला, तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन निकामी होते. सोपी कसोटी अशी की, 'हे कळले तर तो कमी पैसे देईल' असे ज्या गोष्टीविषयी आपल्या मनात येते, तीच गोष्ट सांगण्याची आहे. ती लपवण्याचा मोह आपल्याला होतो, हाच ती दोष असल्याचा पुरावा.

गुरुजींचा दुसरा मुद्दा होता, "तो मेस्त्री घेऊन येईल, बघून घेईल." येथे खरेदीदाराचे कर्तव्य आहेच. तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणे नव्हे. जुनी गाडी घेणाऱ्याने ती सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी आणि आपल्यासमोरच सुरू करायला लावावी. तेलाची पट्टी ओढून पातळी बघावी, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय आहे का ते पाहावे. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. चारांपैकी एकाचा दाब इतरांपेक्षा बराच कमी निघाला, तर तेथे बिघाड आहे. मीटर सत्तर हजार दाखवत असेल आणि पेडलचे रबर गुळगुळीत झिजलेले असेल, तर सर्व्हिसच्या जुन्या पावत्या मागाव्यात. कुटुंबाचा पैसा ही अमानत आहे. आळसाने तो गमावणे म्हणजे साधेपणा नव्हे.

परंतु खरेदीदाराच्या सावधगिरीने विक्रेत्याची जबाबदारी संपत नाही. माझा शेजारी दाराला कुलूप लावतो, म्हणून मला चोरीची मुभा मिळत नाही.

शिवाय नीतीची मागणी एकतर्फी नाही. काही खरेदीदार मेस्त्रीला आधीच पढवून आणतात. तो बोनेट उघडून मान हलवतो, "इंजिन गेलंय, पन्नास हजार तर लागतीलच," असे म्हणतो आणि गरजू विक्रेता खचून जातो. कुरआनमध्ये ह. शुऐब (अ.) यांनी आपल्या लोकांना मापे-वजने पूर्ण देण्याबरोबरच लोकांच्या वस्तूंचे मोल घटवू नका, अशीही ताकीद दिल्याचे आले आहे. याउलट सहाबी ह. जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांची हकीकत तबरानीने नोंदवली आहे. त्यांच्यासाठी एक घोडा तीनशे दिरहमला ठरला होता. त्यांनी घोडा पाहिला आणि मालकाला स्वतःच सांगितले की याची किंमत अधिक आहे. असे करत करत आठशे दिरहम दिले. प्रत्येक मुस्लिमाचे हित चिंतण्याची प्रतिज्ञा मी प्रेषितांच्या (स.) हातावर केली आहे, हे त्यांचे कारण होते.

आणि मधल्या माणसाचे काय? दलाल आणि मेस्त्री म्हणतात, "गाडी माझी नाही, मी कशाला बोलू?" इमाम गजाली (रह.) यांनी 'इह्या'मध्ये ह. वासिला बिन असकअ (रजि.) यांचा प्रसंग दिला आहे. त्यांच्यासमोर एक उंटीण तीनशे दिरहमला विकली गेली. त्यांचे लक्ष नव्हते, तोवर खरेदीदार निघून गेला. ते त्याच्या मागे गेले आणि विचारले की उंटीण मांसासाठी घेतली की सवारीसाठी? तो सवारीसाठी म्हणाला, तेव्हा त्यांनी सांगितले की तिच्या पायाला भोक पडले आहे, ती लांबचा पल्ला सलग चालू शकणार नाही. खरेदीदार परतला आणि विक्रेत्याला शंभर दिरहम कमी करावे लागले. विक्रेता रागावला की तुम्ही माझा सौदा बिघडवला. वासिला (रजि.) यांचे उत्तर असे होते की दोष न सांगता विकणे विक्रेत्याला जसे वैध नाही, तसे दोष ठाऊक असूनही गप्प राहणे तिसऱ्यालाही वैध नाही, असे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते.

'मांसासाठी की सवारीसाठी' हा प्रश्न किती मार्मिक आहे! दोषाचे वजन हेतूवर ठरते. तेल पिणारी गाडी सुट्या भागांसाठी घेणाऱ्याला दोष सांगितला काय, न सांगितला काय, फारसा फरक पडत नाही. पण तीच गाडी एखादा तरुण आजारी आईला दर आठवड्याला डायलिसिससाठी नेण्याकरता घेत असेल, तर घाटात तेल संपून जाम झालेले इंजिन हा केवळ पैशाचा प्रश्न राहत नाही. आपले मौन कोणाच्या अंगावर कोठे कोसळेल, हे आपल्याला विकताना दिसत नाही.

एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. वरील काही हदीसांत 'मुस्लिम' किंवा 'भाऊ' असा शब्द आहे, म्हणून मुस्लिमेतर ग्राहकाशी वेगळे वागता येते, असा समज कोणी करून घेऊ नये. फसवणाऱ्याविषयीचा प्रेषितांचा (स.) इशारा सर्वसाधारण शब्दांतही आला आहे. आणि सूरह आले इमरानमध्ये अशा लोकांची निंदा आहे, जे म्हणत की आपल्या गटाबाहेरच्यांच्या बाबतीत आपल्यावर कसला दोष येत नाही. गुरुजींचा ग्राहक कोणत्या धर्माचा होता, हे मी विचारले नाही. उत्तरात त्याने फरक पडणार नव्हता.

मी गुरुजींना हे सर्व पायऱ्यांवर उभे राहून सांगू शकलो नाही. एवढेच म्हणालो, "सर, वर्गात एखाद्या मुलाने पुसट झालेला आकडा मुद्दाम तसाच ठेवला आणि तुम्ही विचारले नाही म्हणून गप्प राहिला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल?" ते हसले नाहीत. "म्हणजे साठ हजार गेले," एवढे बोलून निघून गेले.

साठ हजार ही लहान रक्कम नाही आणि तिच्याविषयी मोघम बोलणे मला बरोबर वाटत नाही. प्रामाणिक मनुष्याला बाजारात अधिक भाव मिळतो, असे सांगून मी कोणाला फसवणार नाही. बहुधा कमीच मिळतो. बुखारी आणि मुस्लिममध्ये ह. हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा की खरेदीदार आणि विक्रेता खरे बोलले आणि त्यांनी सर्व स्पष्ट केले, तर त्यांच्या व्यवहारात बरकत येते, लपवले आणि खोटे बोलले, तर ती बरकत पुसली जाते. येथे भाव वाढण्याचे वचन नाही. बरकत ही रकमेची संख्या नव्हे. ती कमाईच्या आत असणारी, घराला पुरणारी आणि मनाला न टोचणारी गोष्ट आहे. ज्या फीच्या पैशात दुसऱ्या घराचा तोटा मिसळलेला आहे, ती फी भरून शिकलेल्या मुलीच्या हातून रुग्णांची सेवा व्हावी अशी दुआ आपण कोणत्या तोंडाने करणार?

तीन आठवड्यांनी गुरुजी पुन्हा भेटले. पहिल्या गिऱ्हाइकाला त्यांनी तेलाची गोष्ट सांगितली आणि तो परत आला नाही. पुढे एका तरुणाने सर्व ऐकून, इंजिन उघडून रिंगा बदलण्याचा खर्च हिशेबात धरून, एक लाख पंचावन्न हजारांना गाडी घेतली. व्यवहाराच्या कागदावर गुरुजींनी स्वतःच्या अक्षरात लिहिले होते की इंजिन तेल पिते, हे खरेदीदारास सांगितले आहे. फीचा पहिला हप्ता भरला होता. दुसऱ्यासाठी त्यांनी संध्याकाळच्या शिकवण्या पुन्हा सुरू केल्या होत्या. त्यांच्या बोलण्यात त्याचा अभिमान नव्हता, तक्रारही नव्हती. निघताना म्हणाले, "तो मुलगा परवा रस्त्यात भेटला. मला रस्ता बदलावा लागला नाही."

या दुनियेच्या बाजारात आपण सर्वच कधी विक्रेते असतो, कधी खरेदीदार. एक दिवस असा येणार आहे की प्रत्येक बंद पेटी उघडली जाईल आणि आतले सर्व बाहेर मांडले जाईल. तेथे 'जशी आहे तशी' ही अट कोणाच्याच उपयोगी पडणार नाही. अल्लाह आपल्या व्यवहारांत सचोटी देवो, आपली कमाई हलाल ठेवो आणि जेथे बोलणे आपले कर्तव्य आहे तेथे मौनाच्या आड लपण्यापासून आपले रक्षण करो. आमीन.